एक घर, अनेक इयत्ता : लहान मुलांसाठी घरच्या अभ्यासक्रमाची निवड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. पुढे मी स्वतः प्राथमिक शिक्षिका झाले आणि सेवेतील बहुतेक वर्षे निपाणी परिसरातील लहान शाळांत घालविली. एका खोलीत तीन-चार इयत्ता बसवून शिकविणे हे माझे रोजचे काम होते. त्यामुळे विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मला एकच प्रश्न सुचला. एका घरात चार, सात आणि दहा वर्षांची तीन मुले असतील आणि त्यांना घरी शिकवायचे असेल, तर अभ्यासक्रम कोणता निवडावा?

शाळेच्या व्यासपीठावरून घरच्या शिक्षणाविषयी बोलणे कोणाला विसंगत वाटेल. परंतु मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरण्यास २५ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या काळात ऑगस्ट २०२० पासून ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक गावोगाव जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांचे छोटे गट शिकवू लागले होते. ऑक्टोबरमध्ये तेही थांबले. त्या दीड वर्षात प्रत्येक घर नाइलाजाने शाळा झाले. एक मोबाईल, तीन मुले, तीन इयत्ता आणि स्वयंपाकघरात किंवा विड्यांच्या सुपापाशी बसलेली एक आई, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर काही कुटुंबांनी स्वेच्छेने मुलांना घरी शिकविण्याचा विचार सुरू केला. उरलेल्यांच्या घरीही संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसावे लागतेच. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला. घरी शिकविण्याविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. मात्र जे मूल शाळेत गेले नाही किंवा ज्याने शाळा मध्येच सोडली, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची व्यवस्था आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची आजची संस्था मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे स्तर चालविते. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे मानले जातात. चौदा वर्षे पूर्ण झाली की तेथूनच दहावीच्या परीक्षेला बसता येते. म्हणजे घरातून शाळेकडे परतण्याची वाट मोकळी आहे. ती मोकळी राहावी म्हणून मुलाने काय वाचले, काय केले याची वही तारीखवार ठेवावी, एवढीच माझी सूचना.

आता मूळ विषयाकडे वळते. पालक सामान्यतः असे करतात : थोरल्यासाठी चौथीचा संच, मधल्यासाठी पहिलीचा, धाकट्यासाठी बालवर्गाचा. तिन्ही संच घरी येतात, वेळापत्रक भिंतीवर लागते आणि पंधरा दिवसांत आई थकते. एक मूल शिकत असते, दुसरे वाट पाहत असते, तिसरे पहिल्याची वही फाडत असते. या दमछाकीचे कारण आईच्या कुवतीत शोधू नये, ते योजनेतच आहे. इयत्ता ही शाळेने आपल्या सोयीसाठी केलेली विभागणी होय. शंभर मुले आली की त्यांचे गट पाडावेच लागतात. घरात तीन मुले असताना तीच विभागणी आणणे म्हणजे तीन शाळा एका माणसाने चालविण्यासारखे आहे.

आपल्या देशातील ज्या शिक्षकांनी हा प्रश्न आधी हाताळला, त्यांचे स्मरण येथे करावेसे वाटते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यातील थोरली मुलगी शाळेत का येत नाही याचे उत्तर त्यांना घराघरांत सापडले : तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घालून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. भावंडे एकमेकांच्या शिक्षणातील अडथळा नाहीत, शिक्षणाची व्यवस्थाच भावंडे धरून करावी, हा कोसबाडचा धडा मला आजच्या प्रत्येक घराला लागू वाटतो.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये ‘नली-कली’ ही पद्धत सुरू झाली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील प्रयोग पाहून आलेल्या शिक्षकांनी ती घडविली. ‘नली-कली’ म्हणजे आनंदाने शीक. यात खालच्या इयत्तांची मुले एकत्र बसतात. वाचन, लेखन व गणित यांचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची कार्डे केलेली असतात आणि ती शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली असतात. प्रत्येक मूल आपल्या पायरीवर असते. आठ दिवस आजारी पडलेले मूल परत आले की जेथे थांबले होते तेथूनच पुढे चढते. गाणी, गोष्टी, खेळ मात्र सर्वांचे एकत्र.

या दोन्हींतून घरासाठी एक साधा नियम निघतो. अभ्यासक्रमाचे दोन भाग करावेत, एक सामायिक आणि एक स्वतंत्र. गोष्टी, गाणी, परिसर, इतिहास, चित्र, हस्तकला, बागकाम हे सारे सामायिक. येथे इयत्ता नसावी. वाचन-लेखन आणि गणित स्वतंत्र. येथे प्रत्येकाची शिडी वेगळी असावी. स्वतंत्र भागासाठी प्रत्येक मुलाला दिवसातून वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, कारण समोर एकच मूल असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यानंतरच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानेही तीन ते आठ वर्षे हा एकच स्तर मानला आहे. म्हणजे आपले चार वर्षांचे आणि सात वर्षांचे मूल धोरणाच्या दृष्टीनेही एकाच पायरीच्या दोन टोकांना उभे आहे.

सामायिक भाग कसा असावा याचे उदाहरण बेळगावातलेच देते. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आपणांस परिचित आहे. डिसेंबर १९२४ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. तिन्ही मुलांना तेथे न्यावे. चार वर्षांच्या मुलाने विहिरीचे चित्र काढावे आणि खोल, उथळ, गोल हे शब्द शिकावेत. सात वर्षांच्या मुलाने पाच वाक्ये लिहावीत. दहा वर्षांच्याने अधिवेशनाला इतके लोक आले तेव्हा पाण्याची सोय का करावी लागली असेल, याचा शोध घ्यावा आणि रात्री जेवताना तो धाकट्यांना समजावून सांगावा. एकच सहल, तीन पाठ. किल्ल्यातील १२०४ मधील कमल बस्ती, निपाणीजवळची वेदगंगा, गोकाकचा धबधबा, तंबाखूचे शेत, आठवड्याचा बाजार असे पाठ आपल्या दाराशी आहेत. बाजारातील तयार संच घ्यायचाच असेल तर आधी त्यातील चित्रे पाहावीत. बर्फ आणि सफरचंदे यांनी भरलेल्या पुस्तकात ज्वारीचे कणीस कोठे आहे, हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे.

येथवरचे विवेचन कोणत्याही गावाला लागू पडेल. परंतु आपल्या भागात पुस्तकाच्याही आधी एक निवड करावी लागते, ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाविषयी बोलण्याची ही जागा नव्हे. तथापि मुलाच्या हाती कोणत्या भाषेचे पुस्तक द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या प्रत्येक उंबरठ्यावर बसून आहे. मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. शिक्षण हक्क कायदा मात्र शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावे असे म्हणतो. आणि २०१५ च्या राज्य कायद्यानुसार २०१७-१८ पासून कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शाळांत टप्प्याटप्प्याने आली. निवड पालकाची आहे, हे यातून स्पष्ट व्हावे.

ही निवड आपण कशी करतो? माझ्या परिचयाच्या एका घरात थोरली मराठी माध्यमात, मधला कन्नड माध्यमात आणि धाकटी इंग्रजी माध्यमात आहे. प्रत्येक वेळी आईबापांनी त्या वर्षीच्या परिस्थितीत शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. परिणाम असा की थोरली धाकटीला गोष्ट वाचून दाखवू शकत नाही, कारण पुस्तकच वेगळ्या भाषेचे. आजीला तिघांपैकी एकाचेच पुस्तक वाचता येते. तीन मुले एका छपराखाली तीन शेजाऱ्यांसारखी अभ्यास करतात. शाळेचे माध्यम कोणतेही असो, घरच्या अभ्यासक्रमाची सामायिक भाषा एकच असावी, आणि ती घरात बोलली जाणारी असावी, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे. मराठी घरात ती मराठी असेल, कन्नड घरात कन्नड. तिच्यातून भावंडे एकमेकांना शिकवू शकतील, आणि आजीही शिक्षिका होऊ शकेल.

याचा अर्थ कन्नड दूर ठेवावी असा नाही. उलट घरच्या अभ्यासात ती मराठीच्या शेजारी बसावी. दोन्ही वर्णमालांचा क्रम एकच आहे. कन्नडात ए आणि ओ यांची ऱ्हस्व रूपे तेवढी अधिक. भिंतीवर एकच तक्ता करून प्रत्येक ध्वनीखाली दोन्ही लिप्यांतील अक्षरे लिहावीत. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द दोन्ही अंगणांत कसे हिंडतात ते मुलांना शोधू द्यावे. गणितात तर कन्नड आपल्या फार उपयोगी पडते. मराठीत आपण ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे आधी एकक, मग दशक. लिहिताना मात्र दोन आधी, एक नंतर. ‘एकोणतीस’ तर तिसातून एक वजा करायला लावतो. मूल येथे अडखळते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. कन्नडात ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस आणि एक. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख असलेल्या दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही अडचण समजावून सांगितली होती. आपल्या मुलांना ती मदत गल्लीतच मिळते. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करून दोन्ही भाषांत मोजावे, दशक आपोआप उमगते.

पुस्तकांचा खर्च हे कारण मात्र कोणी देऊ नये. कर्नाटकाची शासकीय पाठ्यपुस्तके मराठी माध्यमातही निघतात. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके, कन्नड माध्यमाचीसुद्धा, संगणकावर विनामूल्य पाहता येतात. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही वाचता येतात. दोन्ही राज्यांची पुस्तके शेजारी ठेवून निवडण्याची जी सोय सीमेवरच्या पालकाला आहे, ती पुण्या-बेंगळुरूच्या पालकालाही सहसा सुचत नाही.

आपल्या भागातील विडी कामगार मातांविषयी एक शब्द. आम्हाला काय शिकविता येणार, असे त्या म्हणतात. ज्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते आणि जी तो हिशेब तोंडी चोख ठेवते, ती गणिताची शिक्षिका आहेच. मुलांना विड्या वळायला बसवावे असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे हात पाटीवरच असावेत. पण आईचा हिशेब मुलांनी तिच्यासमोर मांडून दाखवावा. तिला वाचता येत नसेल तर थोरल्या मुलाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे, तिने आणि धाकट्यांनी ऐकावे. ऐकणाऱ्यांसाठी वाचणारे मूल अर्थ लावून वाचते, हा माझा वर्गातील अनुभव आहे.

अभ्यासक्रम योग्य निवडला की नाही हे तीन महिन्यांनी तपासावे. धाकटा थोरल्याच्या पाठातील काही सांगतो का? थोरला न सांगता धाकट्याला शिकवितो का? आणि शिकविणारी व्यक्ती दिवसाअखेर हसतमुख असते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर पुस्तक कोणत्याही मंडळाचे असो, ते बदलू नये. नकारार्थी असतील तर मुलांना बोल न लावता योजना बदलावी.

माजी विद्यार्थ्यांना अखेरीस एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण आज पुण्यात, मुंबईत, परदेशात आहेत. शाळेच्या ग्रंथालयात भावंडांनी मिळून वाचावयाच्या मराठी व कन्नड गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट असावे आणि त्यातील पुस्तके शाळेत नाव नसलेल्या मुलांनाही घरी नेता यावीत. गुरुजींच्या नावाने एवढे झाले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.