सेवेसाठी परदेशी

आपल्या समाजातील एक कन्या वर्षभर परदेशी युवककेंद्रात विनावेतन सेवेस जाऊ इच्छिते. वडीलधारी मंडळी 'लग्नाचे काय?' म्हणून अडून बसली आहेत.

शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार डॉक्टरांसमवेत चीनला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. तेथील भाषा ते शिकले. १९४२ साली तेथेच निवर्तले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपले सास्तूर कोसळले, तेव्हा ढिगारे उपसावयास आलेल्यांना आपण गाव वा जात विचारली नव्हती.

माझ्या पुतण्यास मात्र मीच असे जाऊ दिले नाही. तो आजही माझ्याशी मोजकेच बोलतो. उद्या मी त्या कन्येच्या वडिलांना भेटावयास जाणार आहे. दोघेचौघे सोबत यावेत.