परकी भाषा, घरची भाषा व आपलीं मुलें

(मालेगांव येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)

आज येथें नांगर धरणारे लोक आहेत, तसे मागावर राबणारेही आहेत. धंदे वेगळे असले तरी दोघांच्या घरीं काळजी एकच आहे. मुलाला कोणत्या शाळेंत घालावें, आणि त्याला इंग्रजी येईल तरी कसें? ज्या घरांत दोन वेळची भाकर कष्टानें मिळते, त्या घरांतही आज शाळेच्या फीसाठीं कर्ज निघतें. म्हणून ह्या विषयावर भीडभाड सोडून बोलणें मला अवश्य वाटतें.

मोसम व गिरणा ह्या नद्यांच्या मुलखाला अनेक भाषा नव्या नाहींत. बाजाराच्या दिवशीं खेड्यांतला शेतकरी अहिराणींत भाव विचारतो, विणकर त्याला उर्दूंत उत्तर देतो, कचेरींतला कागद मराठींत असतो आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजींत असते. चारही भाषांशिवाय आपला दिवस जात नाहीं. तेव्हां परकी भाषा शिकावी कीं न शिकावी हा वादच नाहीं. ती शिकलीच पाहिजे. वाद आहे तो एवढाच कीं, ती कशाच्या पायावर शिकावी व तिच्यासाठीं काय मोजावें.

ह्या वादाचा उत्तम दाखला आपल्याच तालुक्यांत आहे. येथून जवळच कौळाणें गांव आहे. तेथें १८६३ सालीं काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरांत गोपाळ नांवाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. १८७५ सालीं बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनीं त्याला दत्तक घेतलें, आणि तोच पुढें महाराज सयाजीराव झाला. गादीवर बसतांच त्याच्यापुढें मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा येऊन पडल्या. इलियट साहेब हे त्याचे मुख्य शिक्षक होते. १८८१ सालीं राज्याचा पूर्ण अधिकार हातीं येईपर्यंत, म्हणजे सुमारें सहा वर्षांत, ह्या शेतकऱ्याच्या पोरानें राज्य चालविण्यापुरती विद्या संपादन केली, आणि पुढें जन्मभर तो वाचीत व शिकत राहिला.

ह्यावर कोणी म्हणेल, "अहो, तो राजा! त्याच्या दाराशीं शिक्षक उभे होते. आमच्या दाराशीं सावकार उभा आहे." हें म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच ह्या गोष्टींतून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला धडा हा कीं, बाराव्या वर्षीं पाटी हातीं घेऊनही परकी भाषा येते. तिसऱ्या वर्षींच पोराच्या तोंडीं इंग्रजी गाणें आलें नाहीं तर त्याचा जन्म फुकट गेला, अशी जी भीति आपल्याला घातली जाते ती खोटी आहे. दुसरा धडा हा कीं, परकी भाषा येते ती चांगल्या शिक्षकामुळें व रोजच्या मेहनतीमुळें. शाळेच्या भिंतीवर ती भाषा रंगवली म्हणून ती मुलाच्या डोक्यांत शिरत नाहीं.

आणि हा राजा आपण शिकून स्वस्थ बसला नाहीं. १८९३ सालीं त्यानें अमरेली भागांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें आणि १९०६ सालीं तें सबंध संस्थानांत लागू केलें. तें शिक्षण लोकांच्या भाषेंत होतें. १८९० सालीं त्यानें बडोद्यास कलाभवन काढलें. तेथें रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय होते, आणि प्राध्यापक गज्जर यांचा कटाक्ष असा होता कीं कारागिराला त्याची विद्या त्याच्याच भाषेंत द्यावी. आपल्या जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके त्याच कलाभवनांत शिकले. पुढें १९१३ सालीं ह्याच सयाजीरावांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. पाहा, एकाच माणसानें रयतेला घरच्या भाषेंत साक्षर केलें, कारागिराला घरच्या भाषेंत हुन्नर दिला, आणि हुशार विद्यार्थ्याला परक्या भाषेच्या बळावर सातासमुद्रांपलीकडे धाडलें. ह्या तीन कामांत त्याला विरोध दिसला नाहीं. मग आपल्याला तरी तो कां दिसावा?

महात्मा जोतीराव फुल्यांचेंही उदाहरण घ्या. त्यांना शाळेंतून काढून शेतावर लावलें होतें. शेजारचे गफ्फार बेग मुनशी व लेजिट साहेब यांनीं वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ सालीं ते पुन्हां स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत गेले. त्या इंग्रजीचें त्यांनीं काय केलें? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें तें इंग्रजींत, कारण ऐकणारे साहेब होते. १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो मराठींत, कारण दुःख शेतकऱ्याचें होतें. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला तर इंग्रजी प्रस्तावना आहे आणि आंतला ग्रंथ मराठी आहे. दोन्ही भाषांना त्यांनीं आपापलें काम नेमून दिलें. त्याच निवेदनांत त्यांनीं मागितलें कीं खेड्यांतले शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतले असावे, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास न लाजणारे असावे, आणि मुलांना हिशेब, मोडी, व्याकरण, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचीही माहिती द्यावी. आज त्या मागणीला एकशें चाळीसाहून अधिक वर्षें झालीं.

भाषेचा उपयोग दार बंद करण्यासाठींही होतो, हें आपण विसरूं नये. बाबासाहेबांना शाळेंत संस्कृत शिकूं दिलें नाहीं, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढें संस्कृत त्यांनीं स्वतःच्या मेहनतीनें मिळविलें. पूर्वीं संस्कृताच्या दाराला कुलूप होतें. आज इंग्रजीच्या दाराला कुलूप नाहीं, पण पैशाचा उंबरठा आहे. श्रीमंताचा मुलगा तो सहज ओलांडतो आणि गरिबाचा मुलगा त्यावर ठेंचकाळतो. हा उंबरठा काढावयाचा असेल तर इंग्रजीची निंदा करून भागणार नाहीं. गरिबाच्या शाळेंत चांगलें इंग्रजी आलें पाहिजे.

आतां मुख्य मुद्द्यावर येतों. इंग्रजी शिकणें ही एक गोष्ट आहे आणि सगळेच विषय इंग्रजींतून शिकणें ही दुसरी गोष्ट आहे. आपण ह्या दोहोंची गल्लत करतों, आणि त्या गल्लतीवर पुष्कळांचीं दुकानें चालतात. घरांत आई अहिराणी किंवा उर्दू बोलते, बापाला इंग्रजीचें अक्षर येत नाहीं, आणि पहिलींतलें पोर बेरीज-वजाबाकी इंग्रजींत घोकतें. त्याला बेरीजही कळत नाहीं आणि इंग्रजीही कळत नाहीं. घरीं विचारावें तर सांगणारें कोणी नाहीं. मग शिकवणीची फी आली. अशा रीतीनें चार-पांच वर्षें जातात, आणि एखाद्या सालीं कांद्याचा भाव पडला किंवा माग बंद पडले कीं पोर शाळेंतून निघतें. तेव्हां त्याच्या हातीं ना धड मराठी असते, ना उर्दू, ना इंग्रजी.

विणकर बंधूंना हें चटकन् समजेल. आधीं ताणा नीट बसवावा लागतो, मग बाणा चालतो. ताणाच ढिला असेल तर धोटा कितीही जोरानें फेकला तरी कापड निघत नाहीं. घरची भाषा हा ताणा आहे. युनेस्को ह्या जागतिक संस्थेनें १९५३ सालींच सांगितलें कीं मुलाचें शिक्षण सुरू करण्यास त्याची मातृभाषाच उत्तम. भारत सरकारच्या २०२० च्या शिक्षण-धोरणांतही, शक्य असेल तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंत शिकवावें असें म्हटलें आहे. आणि महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. म्हणजे घरच्या भाषेच्या शाळेंत घातलें म्हणजे इंग्रजीला मुकलें, असें मुळींच नाहीं. उणीव आहे ती तें इंग्रजी नीट शिकवून घेण्याची, आणि तें शिकवून घेणें हें पालकांचें काम आहे.

तेव्हां माझें सांगणें असें. शाळा पारखतांना मुलाचा गणवेश व टाय पाहूं नका. संध्याकाळीं त्याला जवळ घ्या आणि म्हणा, "बाळा, आज काय शिकलास तें मला आपल्या बोलींत सांग." त्याला तें सांगतां आलें तर शाळा चांगली, मग ती कोणाचीही असो. नुसतें घोकलेलें म्हणून दाखविलें आणि अर्थ विचारतांच गप्प बसलें, तर फी कितीही असो, पैसे पाण्यांत गेले. ही परीक्षा निरक्षर आईलाही घेतां येते.

दुसरें असें कीं, झेडपीच्या व नगरपालिकेच्या शाळेला नांवें ठेवून मोकळे होऊं नका. शाळा-व्यवस्थापन समितींत पालकांना जागा कायद्यानें दिली आहे. तेथें जाऊन बसा आणि इंग्रजीचा शिक्षक आहे कीं नाहीं, मुलें वाचतात कीं नाहीं, हें विचारा.

तिसरी गोष्ट मुलींची. एकाचीच फी परवडते, म्हणून मुलगा मोठ्या फीच्या शाळेंत आणि मुलगी फुकटच्या शाळेंत, आणि तीही सातवी-आठवीपर्यंत, पुढें कांड्या भरायला किंवा निंदणीला, हा प्रकार आपल्या घरोघरीं चालू आहे. सावित्रीबाईंनीं शेणाचे गोळे सोसून जें दार उघडलें, तें आपण आपल्या हातानें लोटतों आहों. दोघांना सारखें शिकवा, आणि पैसा कमी असेल तर दोघांनाही त्याच शाळेंत घालून ती शाळा सुधारा.

चवथी गोष्ट आपसांतली. अहिराणी बोलणाऱ्या पोराला गांवंढळ म्हणून हंसणाऱ्यांना हटका, कारण ज्याच्या बोलीला आपण हंसतों त्याचें तोंड कायमचें मिटतें. उर्दू शाळेंतल्या मुलांनीं मराठी पक्की करावी, कारण राज्याचा कारभार तिच्यांत चालतो. मराठी शाळेंतल्या मुलांनीं उर्दू कानावर घ्यावी, कारण निम्मा बाजार तिच्यांत बोलतो. शेजाऱ्याची भाषा ही बिनफीची शाळा आहे, आणि एका गांवांत राहून एकमेकांना परके राहण्यापासून तीच आपल्याला वांचवील.

बंधुभगिनींनो, इंग्रजी हें हत्यार आहे. हत्यार चांगलें असावें, धार लावलेलें असावें, आणि तें गरिबाच्या हातींही असावें. पण हत्यार धरणारी मूठ घरच्या भाषेनें बळकट होते. कौळाण्याच्या एका पोराला चार भाषा आल्या, कारण त्याला कोणीतरी मनापासून शिकविलें. आज ह्या तालुक्यांत तशीं हजारों पोरें आहेत. त्यांना दत्तक घेण्यास कोणी महाराणी येणार नाहीं. तें काम आपलें आहे, आणि तें ह्याच सालीं, आपल्याच गांवच्या शाळेपासून सुरू करावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.