कचेरीच्या वेळात खेळण्याची मुभा



ग्रंथालयाच्या चाकरीत ज्याची हयात गेली अशा माणसास व्याख्यानपीठावर उभे केले म्हणजे तो ग्रंथांचे माहात्म्य वर्णन करणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. माझा आजचा विषय मात्र ग्रंथांचा नसून ते देणाऱ्या हातांचा आहे. आणि ज्या हातांनी आजवर दाखलनोंदवही, तालिकापत्रे आणि देवघेवीची खिडकी एवढीच दौलत सांभाळली, त्यांच्यावर समाजमाध्यमे आणि महाजालावरील नाना साधने हाताळण्याची पाळी आली तेव्हा ते ती कशी शिकले, हे मला सांगावयाचे आहे.

ग्रंथालयसेवकांस शिकवावे लागते, ही गोष्टच मुळी आपल्याकडे उशिरा ध्यानात आली. सयाजीराव महाराज गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि त्याने तेथे सेवकांचा वर्ग भरविला, तेव्हा कोठे या विद्येचा श्रीगणेशा झाला. त्यानंतर सुमारे शतकाने त्याच अमेरिकेत एक प्रयोग घडला. त्याच्या साधेपणामुळेच तो मला अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर कॅरोलिना राज्यातील शार्लट शहर आणि मेक्लेनबर्ग परगणा यांच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००६ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला. वाचणाराच लिहिणारा होऊ लागला, आपली छायाचित्रे, टिपणे आणि पसंतीची पाने सर्वांपुढे मांडू लागला, आणि त्या उलाढालीची वार्ता देवघेवीच्या खिडकीमागे बसलेल्या सेवकास मात्र वाचकाकडून कळू लागली, असा तो काळ. तेथील तंत्रज्ञानाची धुरा वाहणाऱ्या हेलेन ब्लोअर्स यांनी, स्टीफन एब्रम यांच्या ४३ गोष्टींच्या एका यादीवरून स्फूर्ती घेऊन, आपल्या सहकाऱ्यांपुढे २३ गोष्टी ठेवल्या आणि त्या पुऱ्या करण्यास ९ आठवड्यांचा अवकाश दिला. ब्लॉग उघडावा, छायाचित्रे चढवावीत, विकीवर चार ओळी घालाव्यात, ध्वनिफिती ऐकाव्यात, अशा त्या गोष्टी. वर्ग नाही, गुरुजी नाहीत, परीक्षा नाही. ज्याने त्याने सवडीने, अडल्यास शेजारच्या मेजावरील माणसास विचारून, पुढे जावे आणि काय जमले, काय फसले, याची हकिकत आपल्याच ब्लॉगवर लिहावी, एवढाच शिरस्ता. हकिकत टोपणनावाने लिहिण्यासही मुभा होती. (टोपणनावाच्या आडोशाने धीट झालेल्या भिडस्त माणसांची मराठी वाङ्मयातही वाण नाही, म्हणून या मुभेचे मर्म आपणांस निराळे सांगावयास नको.) मुदतीत सर्व गोष्टी पुऱ्या करणाऱ्यास एक एमपी-थ्री प्लेअर बक्षीस मिळे आणि त्याचे नाव लॅपटॉपच्या सोडतीत जाई. कार्यक्रमाच्या आरंभी यशस्वी विद्यार्थ्याच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. त्यांतली शेवटची, ती अर्धी, खेळण्याची.

या अर्ध्या सवयीवरच माझा सारा भर आहे. पैशापैशाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या संस्थेत, पगारी वेळात, वरिष्ठांच्या हुकुमाने, चुकण्याची आणि रमण्याची सवलत मिळणे ही प्रशासनाच्या इतिहासात विरळा घटना होय. कार्यक्रमाचा आराखडा कोणीही श्रेय देऊन उचलावा असा मोकळा ठेवला होता. सबब मेलबर्नच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो लवकरच आपलासा केला, २०१० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या पुरातन विद्यापीठांचे ग्रंथपाल त्याच वाटेने गेले आणि जगभर शेकडो ग्रंथालयांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या.

आता या कथेतील विनोद पहा. त्या वेळी मंडळींनी जी साधने जिवापाड शिकून घेतली त्यांपैकी ब्लॉगलाइन्स, टेक्नोराती, डिलिशस, रोलियो ही नावे आजच्या तरुणास वैदिक देवतांइतकी दूरची वाटतील. साधने गेली, मग श्रम वाया गेले काय? अपरिचित पडद्यासमोर बसल्यावर ज्याचा हात पूर्वी थरथरे, त्याचा तो कंप एकदा गेला की पुढच्या साधनापुढे तो पुन्हा सहसा येत नाही. आणि साधनागणिक कार्यशाळा भरवून जे साधत नाही ते या एका गोष्टीने साधते.

खेळ हा शब्द ज्यांस गंभीर व्यवसायात खुपतो त्यांनी आपल्या रंगनाथनांचे स्मरण करावे. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला गेले असता, तेथल्या सेल्फ्रिजच्या दुकानात मेकॅनोचे खेळणे त्यांच्या दृष्टीस पडले. पट्ट्या, चाके आणि स्क्रू यांच्या निरनिराळ्या जुळणीतून निरनिराळी यंत्रे उभी राहतात हे पाहून, ज्ञानाचे घटकही असेच जोडता येतील ही कल्पना त्यांना सुचली, आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचा उगम त्या खेळण्यात आहे.

आपल्याकडील स्थिती निराळी सांगावयास नको. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड या वर्गांत बसून अनुदानाची वाट पाहणाऱ्या आपल्या ग्रंथालयांत, विशेषतः ‘ड’ वर्गात, बहुधा एकाच माणसाने दार उघडावे, धूळ झाडावी, वर्तमानपत्रे लावावीत आणि हिशेबही लिहावा अशी रीत असते. त्यास खेळावयास सवड कोण देणार? आपण त्यास तालुक्याच्या कार्यशाळेस पाठवितो. तेथे उद्घाटन, सत्कार, भोजन आणि प्रमाणपत्र यांतून उरलेल्या तासाभरात तो दुसऱ्याच्या बोटाखाली सरकणारा पडदा पाहून परततो. पोहणे काठावरून शिकविण्याचा हा प्रकार होय.

अर्थात मोकळीक दिली की जबाबदारीही शिकविली पाहिजे. कोणता वाचक कोणते पुस्तक नेतो हे ग्रंथपालाच्या मनात राहावे, छायाचित्रासह समूहावर जाऊ नये. आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे ज्याचा स्वामित्वहक्क जिवंत असतो ते अवघे पुस्तक पानापानाने टिपून व्हॉट्सॲपवर लोटणे ही वाचनसेवा नसून चोरी आहे, हे मी कटू वाटले तरी बोलतो. उलट, २०१६ पासून विकिपीडियावर ग्रंथपालांना एकेक संदर्भ जोडण्याचे जे आवाहन दरवर्षी केले जाते, ते आपल्या माणसांच्या हातचे काम आहे. जुन्या मासिकांचे बांधीव खंड ज्याच्या कपाटात आहेत त्याने एका मराठी लेखाखाली अंक, वर्ष आणि पृष्ठ लिहून द्यावे. ज्ञानदानाचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा ठाऊक नाही.

शेवटी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथल्या ग्रंथालयात संगणकावर कापडी आच्छादन असे आणि खोलीची किल्ली चिटणीसांच्या खणात. देवघेव पाहणाऱ्या बाईंनी आपल्याच भ्रमणध्वनीवर वर्गणीदारांचा एक समूह केला आणि नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्यावर रोज पाठविण्यास आरंभ केला. एके दिवशी गाव सोडून परमुलखात स्थायिक झालेल्या एका जुन्या वाचकाने, लहानपणी तेथेच वाचलेल्या आणि आता कोठे न मिळणाऱ्या एका पुस्तकाची त्यावर चौकशी केली. बाईंनी जुनी दाखलनोंदवही काढली, क्रमांक शोधला, माळ्यावरून पुस्तक उतरवून त्याच्या नामपृष्ठाचे छायाचित्र पाठविले, आणि दिवाळीत तो गृहस्थ वाचनालयात येऊन खुर्चीवर बसून ते वाचून गेला.

महिनाअखेरीस अहवाल भरताना बाईंनी चिटणीसांस विचारले, की हे काम कोणत्या रकान्यात दाखवावे. चिटणीसांनी छापील नमुना वरपासून खालपर्यंत पाहिला. देवघेव होती, दैनिक हजेरी होती, नवे सभासद होते, बांधणीस दिलेली पुस्तके होती; यासाठी रकाना नव्हता. त्यांनी काही वेळ विचार केला आणि म्हणाले, “शेऱ्यात लिहा.” आणि खणातली किल्ली काढून बाईंपुढे ठेवली.