ऐकणारा कॅमेरा



रेडिओवर बसून मी आज तुमच्याशी पडद्याविषयी बोलणार आहे. गाणं कानांनी ऐकायचं, हे खरंच. पण गाणं घडत असताना कॅमेरा तिथे हजर असेल, तर कानांना जे कधीच कळलं नसतं असं काही तो आपल्या हाती ठेवतो. आणि तो हजर नसेल, तर काय हातचं जातं, तेही मला आज सांगायचं आहे.

२५ नोव्हेंबर १९७६ ची रात्र. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर, विंटरलँड नावाचं सभागृह. 'द बँड' एवढंच साधं नाव असलेल्या पाच वादकांच्या रॉक बँडचा हा निरोपाचा कार्यक्रम. थँक्सगिव्हिंगचा सण होता, म्हणून आलेल्या सुमारे पाच हजार श्रोत्यांना आधी जेवायला वाढलं आणि मग वाद्यं लागली. या कार्यक्रमाचा चित्रपट करत होते मार्टिन स्कोर्सेसी. 'द लास्ट वॉल्ट्झ' हे त्याचं नाव, तो १९७८ साली पडद्यावर आला. स्कोर्सेसींनी गाण्यांचे शब्द समोर ठेवून कोणत्या ओळीला कोणता कॅमेरा कुणाकडे वळेल, हे सगळं आधीच कागदावर मांडलं होतं. सात कॅमेरे होते. फिल्मच्या एका डब्यात जेमतेम दहा-अकरा मिनिटांचं चित्रीकरण मावायचं. डबा संपला की कॅमेरा थांबवायचा आणि नवा चढवायचा.

अशाच एका डबे बदलण्याच्या वेळी मंचावर मडी वॉटर्स आले. वय साठीच्या पुढे, मिसिसिपीच्या मातीतले ब्लूज गायक. ज्यांच्या पायावर रॉक संगीत उभं राहिलं, त्यांतले एक. 'रोलिंग स्टोन्स' या बँडनं आपलं नावच मुळी त्यांच्या एका गाण्यावरून घेतलं. त्यांनी सूर लावला, तेव्हा कॅमेरे बंद होते. एकच चालू होता. तो लास्लो कोवाच या छायाचित्रकाराच्या हातात होता. कानातल्या हेडफोनवर सतत सूचना येत होत्या, त्यांना कंटाळून त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता. त्यामुळे 'थांबवा' हा हुकूम त्यांना ऐकूच आला नाही. त्यांना मडी वॉटर्स ऐकू येत होते. आज ते गाणं आपण जवळजवळ सलग एकाच नजरेतून पाहतो, ते त्या एका माणसामुळे.

हे कोवाच मूळचे हंगेरीचे. १९५६ साली बुडापेस्टमध्ये उठाव झाला, रस्त्यांवर रणगाडे आले, तेव्हा चित्रपटाचं शिक्षण घेणाऱ्या कोवाच यांनी आपला मित्र विल्मोश झिगमंड याच्याबरोबर लपूनछपून त्याचं चित्रीकरण केलं आणि ती फिल्म घेऊन दोघं सीमेपलीकडे गेले. विंटरलँडच्या त्या रात्री हे दोघंही कॅमेऱ्यामागे होते. समोर घडतंय ते पुन्हा घडणार नाही, म्हणून कॅमेरा बंद करायचा नाही, हा धडा कोवाच यांनी ऐन विशीत रस्त्यावर घेतला होता.

कॅमेऱ्यानं ऐकायचं असतं, असं मला वाटतं ते यामुळे.

ऐकणाऱ्या कॅमेऱ्याला काय दिसतं? त्याला वादक एकमेकांना ऐकताना दिसतात. ३० जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये बीटल्सनी सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या आपल्याच कचेरीच्या गच्चीवर जाऊन वाजवलं. भर दुपार, पण कडाक्याची थंडी आणि वारा. जॉन लेनननं आणि रिंगो स्टारनं बायकांचे कोट अंगात घातलेले. चित्रीकरणाचे दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी गच्चीवर, समोरच्या इमारतीवर, खाली रस्त्यात कॅमेरे ठेवले होते. एक तर इमारतीच्या दारातच लपवला होता. सगळं मिळून बेचाळीस मिनिटं. त्यात एका जागी लेननला शब्द आठवत नाहीत. तो तोंडाला येतील ती अक्षरं सुरात गाऊन ओळ पुरी करतो, आणि शेजारचे दोघं हसत हसत त्याला सांभाळून घेतात. मग तक्रारी आल्या म्हणून पोलीस वर येतात, जॉर्ज हॅरिसनचा अँप्लिफायर बंद केला जातो, हॅरिसन तो पुन्हा चालू करतो, आणि गाणं पुढे जातं. २०२१ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी हे सगळं पुन्हा उलगडून दाखवलं, तेव्हा मी ते कितीतरी वेळा पाहिलं. महिनाभर धुसफुसत असलेली ही चार माणसं गच्चीवर वाजवताना मात्र एकमेकांच्या डोळ्यांत बघत होती. आपल्या मैफलीत गवई तान घेऊन लांब निघतो, तबलजी त्याच्या चेहऱ्यावरची नजर हलू देत नाही, आणि दोघं समेवर एकत्र येतात. तेव्हा आपल्या मानेला जी दाद आपसूक फुटते, तीच त्या गच्चीकडे बघताना मला फुटली.

जोनाथन डेमी यांचा 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा १९८४ चा चित्रपट तर याच ऐकण्यावर उभा आहे. हॉलीवूडच्या पँटेजेस थिएटरात 'टॉकिंग हेड्स' या बँडचे कार्यक्रम १९८३ च्या डिसेंबरात चित्रित झाले. सुरुवातीला मोकळा मंच. बँडचा गायक डेव्हिड बर्न एक गिटार आणि एक कॅसेट प्लेअर घेऊन येतो आणि एकटाच गातो. दुसऱ्या गाण्याला बेस गिटार, तिसऱ्याला ड्रम्स. काळ्या कपड्यांतले कामगार आपल्या डोळ्यांदेखत वाद्यं आणून मांडतात. एकेका वाद्याबरोबर गाण्यात काय भरतं, ते आपण पाहत पाहत ऐकतो. प्रेक्षकांचे चेहरे डेमी अगदी शेवटीच दाखवतात. टाळ्या कुणी वाजवल्या हे बघण्यापेक्षा टाळी कशासाठी पडली हे त्यांना बघायचं होतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ.

साठच्या दशकातलं एखादं गाणं डोळ्यांसमोर आणा. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. सकाळपासून वादक जमलेत. व्हायोलिनच्या रांगा, ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम्स, ढोलक, सतार. तालमी होतात, 'मॉनिटर' म्हणजे माइकसमोरची तालीम होते आणि मग टेक. सगळे एकत्र वाजवतात, गायक त्याच वेळी गातो. शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला, तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. श्रोतेहो, आपल्या चित्रपटसंगीताची खरी मैफल ही. आणि तिथे कॅमेरा नव्हता. कॅमेरा नंतर सेटवर आला. तोवर गाणं होऊन गेलं होतं, लाऊडस्पीकरवर ते वाजायचं आणि नट ओठ हलवायचे.

मोठ्या मानानं बँड पडद्यावर आणल्याची उदाहरणंही आहेत. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांनी चिक चॉकलेट यांना त्यांच्या साथीदारांसकट पडद्यावर उभं केलं. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, ट्रंपेटवादक. संगीत होतं सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. राजा नवाथे यांच्या १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये टेड लायन्स आणि त्यांचा 'कब्स' हा बँड सुरुवातीच्या गाण्यात दिसतो. गिटारच्या त्या आवेशानं अमेरिकेतल्या एका दिग्दर्शकाला इतकं वेड लावलं, की २००१ च्या 'घोस्ट वर्ल्ड' या चित्रपटाची सुरुवातच या गाण्यानं होते. पण इथेही आवाज आधीचा आणि हालचाल नंतरची.

शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९७७ साली शिष्यानं गुरूचं नाव एका गाण्यात गुंफलं आणि ते देशभर झालं. तरी नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक झाला. श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव येई, फार तर साहाय्यकाचं. वाजवणाऱ्यांची नावं येत नसत. हात दिसले नाहीत आणि नावंही लागली नाहीत. ज्या सुरांवर आपण वाढलो, ते वाजवणारी माणसं आपण पाहिलीच नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं.

२००८ मध्ये पाकिस्तानात सुरू झालेला 'कोक स्टुडिओ' हा टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणूनच मला मोलाचा वाटतो. त्यानं कॅमेरे थेट रेकॉर्डिंगच्या खोलीत नेले. रबाब वाजवणारा ड्रमरकडे कसा बघतो, कोरसमधली मुलगी सूर लागल्यावर कशी हसते, ते घराघरांत दिसलं. नंतर आपल्याकडेही तसा कार्यक्रम आला.

आज तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. माझी एवढीच विनंती आहे, की वादक समोर असेल तेव्हा तो निदान एक गाणंभर त्याच्या हातांवर स्थिर ठेवा. जुन्या वाद्यवृंदांत वाजवलेले वादक आजही वांद्र्यात, गिरगावात, गोव्याच्या वाड्यांवर आहेत. त्यांच्याकडे जा, वाजवायला सांगा, आणि त्यांचं नाव नीट विचारून घ्या.

या आकाशवाणीची एक रीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गायन संपतं आणि निवेदक सांगतो: तबल्यावर साथ अमुक यांची, हार्मोनियमवर तमुक. न दिसणाऱ्या वादकाला रेडिओनं रोज नाव दिलं. कॅमेऱ्याला तर वादक डोळ्यांसमोर दिसतो. त्यानं एवढी रीत जरूर पाळावी.