स्वागताध्यक्षांचे भाषण : पाळत आणि खासगीपणा परिषद, पौड



भूगाव-पिरंगुटची कोंडी पार करून आपण पौडला पोचलात, यातच परिषदेचे निम्मे यश आले. चहाला उशीर झाला, त्याची माफी आधीच मागतो.

पुणेकरांना मुळशी म्हणजे धबधबे. आम्हांला मुळशी म्हणजे १९२१ ची रामनवमी. १६ एप्रिलला टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना आणि बुडायची आमची भातखाचरं! पांडुरंग महादेव बापट इथेच ‘सेनापती’ झाले, हे शाळेतली पोरंही सांगतात. पण विनायकराव भुस्कुटे? शेतकऱ्यांना उभं करणारा आणि पुढे या लढ्याचा इतिहास लिहून ठेवणारा हा माणूस तालुक्यालाही आठवत नाही. संयोजक घड्याळ दाखवताहेत, पण भुस्कुट्यांचं नाव न घेता मी खाली बसणार नाही.

परिषदेच्या विषयाशी याचा संबंध थोडाच आहे. जमीन घेताना सरकार निदान नोटीस तरी द्यायचं. फोन ऐकताना तीही नाही. २०२४ च्या दूरसंचार नियमांनुसार फोन ऐकण्याचा आदेश साठ दिवसांचा, वाढवत वाढवत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच, न्यायाधीश एकही नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे तीन आदेश रद्द केले, पण ज्याचा फोन ऐकला त्या माणसाला न्यायालयात जाता आलं ते खटला भरला गेला म्हणून. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याने जायचं कुठे? तिकडे अमेरिकेने २०२४ मध्ये परदेशी लोकांवर पाळत ठेवू देणारं आपलं ७०२ कलम दोन वर्षांनी वाढवलं. तिथे वाद झाला तो त्यांच्या नागरिकांच्या खासगीपणावर. आमच्या तालुक्यातली हिंजवडी दिवसरात्र अमेरिकेशी बोलते, आणि त्या कलमातले ‘परदेशी’ म्हणजे आपणच. जर्मन बेकरीचा स्फोट पाहिलेल्या जिल्ह्यात पाळत नकोच, असं मी म्हणणार नाही. मुदतवाढीची सही न्यायाधीशाची असावी, एवढंच म्हणतो. बाकी विद्वान बोलतील.

आता आभार. मंडप, तांदूळ, दूध, जनरेटर देणाऱ्यांनी नावं घेऊ नका म्हणून बजावलंय. खासगीपणाच्या परिषदेत त्यांचा शब्द मोडवत नाही. खोल्या कमी पडल्या, काहींची सोय शाळेत केली, पंखे पुरेसे नाहीत. सभागृहात मोबाइलला रेंज नाही, त्याला मात्र उणीव म्हणावं की सोय, ते तुम्हीच ठरवा. जेवण एक वाजता, आंबेमोहराचा भात आहे. पुण्याच्या गाड्या साडेपाचला सुटतील, कृपया वेळ पाळा.