दरडोई आंकड्याचा अर्थ

हिंदी महासागरांत मॉरिशस व मालदीव हीं दोन लहान द्वीपराष्ट्रें आहेत. पहिल्याची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. दुसऱ्याची पांच लाखांवर. २०२३ सालीं दोहोंचें दरडोई उत्पादन ११ ते १३ हजार डॉलरांच्या दरम्यान होतें. मालदीवचें किंचित अधिक. म्हणून मालदीवची स्थिति अधिक चांगली, असें म्हणावें काय?

हा आंकडा भागाकारानें निघतो. तेव्हां भाज्य व भाजक दोन्ही तपासले पाहिजेत. २०२२ च्या जनगणनेंत मालदीवमधील चौघांपैकीं सुमारे एक रहिवासी परदेशी होता. शिवाय परकीय भांडवलावर चालणाऱ्या तेथील पर्यटनगृहांचा नफा उत्पादनांत मोजला जातो. पण त्यांतील वांटा परदेशीं जातो.

मॉरिशस १९६८ सालीं स्वतंत्र झालें, तेव्हां तें मुख्यतः उसावर जगत होतें. त्याच मळ्यांत पूर्वीं कोंकणांतून गेलेले मराठी मजूरही राबले होते. १९७० नंतर तेथें निर्यातीसाठीं कापडाचे कारखाने निघाले. पुढें पर्यटन व सावकारी पेढ्यांचा व्यवसाय वाढला.

२०२० सालीं कोविडच्या साथीनें विमानें थांबलीं. मालदीवचें उत्पादन त्या एका वर्षांत सुमारे एक तृतीयांशानें घटलें. मॉरिशसचें सुमारे एक सप्तमांशानें.

दोन कुटुंबांची मिळकत सारखी असली, तरी एकाच नोकरीवर चालणारें घर आणि तीन-चार कमावत्यांचें घर यांची निश्चिंतता सारखी नसते. राष्ट्रांचेंही तसेंच आहे. दरडोई आंकडा मिळकत सांगतो. ती किती आधारांवर उभी आहे, हें आपणच विचारावयाचें असतें.