गाठीचा तुकडा जपून ठेवा

धानोऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलत आहोत.

पायात काटा रुतला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. जखम भरली की ते बसते. पण आमच्या गटातल्या एकीच्या मानेवर गाठ आली, ती बसलीच नाही. दुखत नव्हती, म्हणून तेंदूपत्त्याचा हंगाम संपेपर्यंत ती कोणाला बोलली नाही. पुढे ताप, रात्री घाम, अंग वाळलेले. सगळ्यांनी गंडमाळ ठरवली, म्हणजे गाठीचा क्षयरोग. ती शंका खोटी नव्हती. आपल्याकडे अशा गाठीत क्षयरोग पुष्कळदा निघतो. चुकले ते एवढेच की गाठ न तपासता औषध सुरू झाले. पाच महिने गेले आणि गाठी वाढतच राहिल्या.

शेवटी गाठ काढून तपासली, तेव्हा लिम्फोमा निघाला. हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी म्हणजे अंगातल्या राखणदार. त्यांत बी आणि टी या दोन मोठ्या जाती. बिघाड कोणत्या जातीत झाला, त्यावर औषध ठरते. टी पेशींचा लिम्फोमा कमी आढळतो आणि ओळखायलाही अवघड असतो.

मग डॉक्टर ओळखतात कसे? एक रीत रंगाची. गाठीचा तुकडा फॉर्मालिनच्या पाण्यात ठेवतात, मेणात बसवतात आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात. आधी साधा रंग देऊन पेशींची ठेवण पाहतात. मग खास रंग देतात. टी पेशीवर सीडी ३ नावाची खूण असते, बी पेशीवर सीडी २०. ज्या खुणेचा रंग चढला, त्यावरून जात कळते.

दुसरी रीत फ्लो सायटोमेट्री. बाजाराच्या दारातून एकेक माणूस आत सोडावा आणि प्रत्येकाच्या कपाळावरचा टिळा पाहावा, तसे हे यंत्र. पेशींना चमकणारे रंग लावून त्या एका रांगेत लेझरच्या उजेडासमोरून सोडतात. थोड्या वेळात हजारो पेशी मोजून होतात. टी पेशींवरची सीडी ७ सारखी नेहमीची खूण बऱ्याच पेशींवरून गायब दिसली, तर संशय वाढतो. मात्र या यंत्राला ताज्या पेशी लागतात. फॉर्मालिनमध्ये टाकलेला तुकडा तिथे चालत नाही. म्हणून डॉक्टरांना गाठ काढण्याआधीच विचारावे लागते. दोन्ही रीतींचे निकाल आणि बाईची तब्येत एकत्र पाहूनच निदान होते.

आमची बाई गटाचे कर्ज घेऊन नागपूरला गेली. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तिथे विचारले, "ब्लॉक कुठे आहे?" ब्लॉक म्हणजे तोच मेणातला तुकडा. तो पहिल्या ठिकाणीच राहिला होता. तो आणायला तिचा नवरा परत आला, त्यात आठवडा गेला. कोणी आधी सांगितले असते, तर तो आठवडा वाचला असता. म्हणून आज आम्ही सांगतो आहोत.

मान, काख, जांघ इथली गाठ महिनाभरात बसली नाही, तर दवाखान्यात दाखवा. कातडीवरचा चट्टा वर्षानुवर्षे बरा होत नसेल, तरी दाखवा. क्षयरोग म्हटले, तर गाठीतून नमुना घेऊन तपासता येईल का, हे विचारा. सुईने नेमके कळले नाही, तर पूर्ण गाठ काढावी लागते, घाबरू नका. तपासणीआधी कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. गाठ तात्पुरती बसते आणि निदान चुकू शकते. रिपोर्ट, काचा आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आमची बाई आता औषधावर आहे. केस गेले, पण मंगळवारच्या बैठकीला डोक्याला पदर घेऊन येते आणि हप्ताही भरते. आम्ही मात्र ठरवले आहे, पुढच्या बैठकीत हिशेबाआधी एकमेकींना विचारायचे : कोणाला गाठ तर नाही ना?

तुमच्याही गटात विचारा.